खान अल-खलिलीतलं पहिलं गिऱ्हाईक

सकाळचे 11. कैरोचा हा बाजार उशिरा डोळे उघडतो. अल-हुसेन मशिदीजवळच्या गल्ल्यांत शटरं आत्ता कुठे वर सरकतायत. चहाचं तबक हातावर तोलत एक पोऱ्या गर्दीतून वाट काढतोय.

हा खान अल-खलिली. 1382 च्या सुमारास जहारकस अल-खलिली या ममलूक राजवटीतल्या सरदारानं इथे व्यापाऱ्यांसाठी सराई बांधली, तीही आधीच्या फातिमी राजवटीतल्या खलिफांच्या कबरी उकरून. मुहूर्त म्हटला तर अपशकुनीच. धंद्याला मात्र त्याची बाधा झाली नाही.

या तांब्या-पितळेच्या दुकानापाशी थांबू.

"बिकाम दा?" हे कितीला?

"900 पौंड."

हा आकडा म्हणजे भाव नव्हे. त्याचा अर्थ एवढाच: या, बसा, बोलू. गिऱ्हाईक तबकावर टिचकी मारतं, नक्षीवरून अंगठा फिरवतं. छापाची नक्षी इथून तिथून सारखी. हातानं कोरलेल्या रेघेत मात्र कुठेतरी छिन्नी हललेली सापडते. दुकानदार हे सगळं पाहतोय. याला कळतं, हे त्यानं ओळखलंय. पुदिन्याचा चहा मागवला जातो.

"गाली अवी." फारच महाग.

"मग पैसे नकाच देऊ, असंच घेऊन जा!"

हे आपल्याकडच्या "राहू द्या हो" सारखं. खरं मानून तबक काखेत मारलंत, तर गल्लीभर हसं होईल.

700. 400. 600. मधेच मुलाबाळांची चौकशी. "हिसाब" कानावर पडतो आणि ओळखीचा वाटतो. आपला हिशेब अरबीतूनच फारसीच्या वाटेनं आलाय. एक पथ्य मात्र कडक: तुम्ही मागितलेल्या भावाला दुकानदार हो म्हणाला, की माघार नाही. घ्यायचं नसेल, तर आकडा तोंडातून काढूच नये.

पलीकडे साग़ा, म्हणजे सोनारआळी. तिथे हा खेळ आखडतो. सोनं वजनावर आणि त्या दिवसाच्या दरानं. घासाघीस काय ती घडणावळीवर.

इकडे गिऱ्हाईक उठलंय. चार पावलं गेलंयसुद्धा.

"450! आखिर कलाम!" शेवटचा शब्द.

इतक्या लवकर? गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं, पण परत फिरतं. तबक वर्तमानपत्रात गुंडाळलं जातं. दुकानदार नोटा ओठांना लावतो, मग कपाळाला.

"इस्तिफ्ताह," तो शेजाऱ्याला सांगतो.

भवानी झाली.