पारा दहावर, तरी पानावर बर्फ

[दृश्य: पहाट. वेण्णा तलावाची जेटी, फळ्यांवर पांढरा थर]

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरहून एक बातमी हमखास येते : वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले. जेटीच्या फळ्या, गाड्यांचे टप, लिंगमळ्याकडच्या स्ट्रॉबेरीची पानं पांढरीफटक झालेली असतात. त्याच पहाटेची वेधशाळेची नोंद पाहावी, तर किमान तापमान शून्याच्या कितीतरी वर, कधी कधी तर दहा अंशांहूनही जास्त. मग लोक म्हणतात, वेधशाळा चुकली.

वेधशाळा चुकलेली नसते. तिनं मोजलेली हवा वेगळी, पानाला लागलेली हवा वेगळी.

[दृश्य: वेधशाळेतली पांढरी पेटी]

वेधशाळेची तापमापी झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. ऊन आणि जमिनीची धग थेट लागू नये, म्हणून ही काळजी. तेव्हाच पुण्याची नोंद नागपूरच्या नोंदीशी ताडून पाहता येते, आणि तीस-तीस वर्षांच्या अशा नोंदींवरून प्रदेशाचं हवामान ठरतं. पण स्ट्रॉबेरीचं रोप वीतभर उंचीचं. ते जगतं त्या पेटीच्या खालच्या हवेत. काही मीटरांच्या, फार तर काहीशे मीटरांच्या टापूतलं हे सूक्ष्महवामान.

[दृश्य: तलावाकाठचं गवत, मागे झाडीचा उतार]

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. गवताच्या पात्यात उष्णतेचा साठा तो केवढा! ते भोवतीच्या हवेहूनही थंड होतं. त्याला टेकलेली हवा गारठते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी सरकत खोलगट भागात साचते. तलावाचा परिसर तसाच, खोलगट आणि मोकळा. वरच्या दाट झाडीत फांद्यांचं छत उष्णता अडवून धरतं, म्हणून तिथल्या जमिनीवर हिमकण क्वचितच दिसतात.

जमिनीलगतच्या या हवेचा आपल्याकडे पद्धतशीर अभ्यास झाला, तो पुण्यात काम केलेल्या एल. ए. रामदास यांच्यामुळे. भारतातल्या कृषी हवामानशास्त्राचा पाया त्यांनीच घातला. १९३२ साली त्यांनी आणि एस. आत्मनाथन यांनी एक विलक्षण निरीक्षण मांडलं : शांत, निरभ्र रात्री उघड्या मातीवर सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती थोडी वर, वीत-हातभर उंचीवर असते. अनेकांना ते पटेना. आज त्या थराला रामदास यांचंच नाव आहे. वीत-हातभर, म्हणजे कितीतरी पिकांच्या शेंड्याची उंची! निदान द्राक्ष आणि स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यात तरी प्रत्येक खोलगट शिवारात पिकाच्या उंचीवर एक तापमापी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: निफाड, द्राक्षबागेतल्या शेकोट्या]

निफाडचे बागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, आणि ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. शेकोटीची ऊबही लगेच उडून जात नाही, कारण अशा रात्री वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार असते. तापलेली हवा थोडी चढून बागेवरच रेंगाळते.

वारा सुटला की हीच वरची ऊब आपसूक खाली मिसळते. त्या रात्री गारठा अंगाला झोंबतो खरा, पण पानावर बर्फ सहसा धरत नाही.