शिक्का, वही आणि ऐनाची साल

(नागपुरातील निसर्गप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, लेटरबॉक्स म्हटले की आपल्याला टपालाची लाल पेटी आठवते. आज मी ज्या पेटीविषयी बोलणार आहे, ती रानातल्या पायवाटेच्या कडेला लपवलेली असते आणि तिच्यात फक्त एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. जो ती शोधून काढतो, तो तिच्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवून घेतो, स्वतःजवळचा शिक्का तिच्या वहीत उमटवतो, तारीख घालतो आणि पेटी होती तशी, होती तिथेच ठेवून पुढे जातो.

या छंदाचा उगम इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूरच्या दलदलीच्या माळावर आहे. जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली तेथील क्रॅनमीर पूल या आडजागी एक बाटली ठेवली आणि तिथवर पायी पोचणारे लोक आपल्या नावाचे कार्ड तिच्यात टाकून जाऊ लागले. पुढे आपल्या पत्त्याची पत्रे ठेवायची आणि नंतर येणाऱ्याने ती टपालात टाकायची, अशी रीत पडली. नाव आले ते त्यावरून. अमेरिकेत हा छंद पसरला तो १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात त्यावर लेख आल्यानंतर.

नागपुरात हे करायचे, तर खरा कस लागतो तो खुणा लिहिण्यात. आपले रान पानझडीचे आहे. मार्चमध्ये मी एका पेटीसाठी लिहिले होते, ‘केशरी फुलांनी पेटलेल्या पळसापासून डावीकडे वळा.’ जुलैत माझेच विद्यार्थी ती खूण घेऊन गेले, तेव्हा तिथे हिरव्यागार पानांचे दहा-बारा पळस उभे होते आणि मुले तासभर भटकून परत आली. चूक माझी होती. फूल, पान, सावली यांच्या भरवशावर लिहिलेली खूण दोन महिन्यांत खोटी ठरते. जे बाराही महिने टिकते, तेच लिहिले पाहिजे: मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी फाटलेली ऐनाची साल, धावड्याचे फिकट गुळगुळीत खोड, सेमिनरी हिल्सच्या उतारावर उघडा पडलेला काळा बेसाल्ट. ‘दुसऱ्या ऐनाला पाठ टेकून उत्तरेकडे तोंड करा आणि तीस पावले चाला’ असे लिहायचे, तर लिहिणाऱ्याला आधी ऐन आणि साग सालीवरून वेगळे ओळखावे लागतात आणि शोधणाऱ्यालाही. माझ्या मते या छंदाची सगळी किंमत इथेच आहे. मोबाइलवरच्या ठिपक्यामागे चालणारा माणूस झाडाकडे बघत नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही.

शिक्का घरीच कोरावा. साधे खोडरबर आणि धारदार पाते पुरते, मात्र अक्षरे उलटी कोरायची हे विसरू नये. माझ्याकडच्या एका शिक्क्यावर तेंदूचे पान आहे. त्याच्या शिरा कोरताना ते पान मी जितक्या बारकाईने पाहिले, तितके त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते.

पेटी मात्र घट्ट झाकणाची हवी. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या एका डब्यात पाणी शिरले, वहीची पाने एकमेकांना चिकटली आणि कितीतरी जणांचे शिक्के निळ्या डागांत विरघळून गेले. तेव्हापासून वही दुहेरी पिशवीत, शाई पाण्याने न फुटणारी आणि नाव-तारीख पेन्सिलीने, हा माझा नियम आहे. खाण्याचा किंवा वासाचा कोणताही पदार्थ पेटीत नको. वानरे आणि रानडुकरे तो हुडकून काढतात.

जागेविषयी मी फार कडक आहे. वनविभागाच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय काहीही ठेवू नये. गोरेवाडा असो वा अंबाझरीचे जैवविविधता उद्यान, आखलेली वाट सोडून आत शिरू नये. झाडाची ढोली पिंगळ्याची आणि पोपटांची आहे, वारुळात नाग असू शकतो आणि दगडाखाली विंचू असतोच. म्हणून खणणे नाही, खिळा ठोकणे नाही आणि जिथे न बघता हात घालावा लागेल अशी जागाही नाही. वाकून पाहिले की डबा दिसला पाहिजे आणि आधी काठीने पाला बाजूला करूनच हात पुढे करायचा.

येत्या रविवारी सकाळी आपण एकही पेटी न घेता फिरायला जाणार आहोत. प्रत्येकाने फक्त वही आणि पेन्सिल आणावी, वाटेवरची पाच झाडे सालीवरून ओळखावी आणि त्यांपैकी एका झाडापर्यंत पोचवणाऱ्या चार ओळी लिहाव्यात. त्या ओळी मी ऑगस्टमध्ये दुसऱ्याच कोणाच्या हाती देणार आहे.