येळवशीचा कोप

(पहाटेचा अंधार. चुलीचा जाळ. काठवटीत पीठ मळल्याचा आवाज.)

पहाटेचे साडेतीन. औसा तालुक्यातल्या या घरात चूल कधीच पेटलीये. खरं तर ती रात्री विझलीच नव्हती. थोरली सून बाजरीचं पीठ मळतेय, धाकटी लसूण सोलतेय, आणि आजी मधे पाट टाकून बसलीये. आजीचं काम एकच, मीठ किती ते सांगायचं. बाकी सगळं दोघी सुना करतायत. तीन दिवसांपासून करतायत.

आज मार्गशीर्ष अमावास्या. 19 डिसेंबर 2025. पंचांगात, पेपरात, जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीच्या आदेशात हिला ‘वेळा अमावस्या’ किंवा ‘दर्शवेळा अमावस्या’ म्हणतात. इथं कुणीही तसं म्हणत नाही. इथं ती येळवस, रानात जाऊन पिकाची पूजा करायचा आणि तिथंच पंगत मांडायचा सण. लातूर, धाराशिव आणि सोलापूरचा काही भाग, पलीकडं कर्नाटकात बीदर, कलबुर्गी. मुख्यतः याच पट्ट्यात हा सण आहे. बीड, जालन्याकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागतं.

नाव कानडी आहे. तिकडं ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात, ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. आपल्याकडं येताना एळ्ळची ‘येळ’ झाली, आणि शिकलेल्या माणसांनी येळ ऐकून तिची ‘वेळ’ केली. यात नवल नाही. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्याची हद्द नंतर आली. आंबील आधीपासून होती.

(मातीचं मडकं. त्यात पांढरी, दाट आंबील. वर लसणाची पात.)

आंबिलीची सुरुवात ताकापासून. ज्या घरात दुभतं आहे, तिथं चार-आठ दिवस आधीपासून ताक साठवतात. ज्याच्याकडं नाही, त्याच्या घरी शेजारून कळशी येते, आणि येळवशीच्या ताकाचे पैसे कुणी घेत नाही. त्या आंबट ताकात ज्वारीचं पीठ शिजवायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची टाकायची आणि मातीच्या मडक्यात रात्रभर निवू द्यायची. दुपारच्या उन्हात, पोटभर जेवण झाल्यावर प्यायची. ‘आंबील पिऊन जो झोपला नाही, त्यानं आंबील पिलीच नाही,’ असं आमचे दाजी म्हणतात. ते स्वतः दरवर्षी बांधावर झोपतात.

आणि भज्जी. भजी नव्हे, भज्जी. परगावचा पाहुणा हमखास इथं फसतो. त्याला वाटतं तळलेलं काहीतरी मिळणार. मिळते पातळ, हिरवट-पिवळी भाजी, जिच्यात या दिवसांत शिवारात जे जे उगवलंय ते सगळं आहे. तुरीचे ओले दाणे, हरभरा, पावटा, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगं, चिंचेचं पाणी, वर बेसनाचं पीठ लावून शिजवलेली. जिनसा किती, यावर दर घराचा आकडा वेगळा. कुणी सोळा सांगतं, कुणी अठरा. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, “मोजून कोण टाकतंय? रानात हाय ते टाकायचं.”

माझ्या मते या सणाची खरी व्याख्या आजीच्या या वाक्यात आहे.

सोबत बाजरीचे उंडे, वाफवलेले. ज्वारीचे वेगळे. गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी, अंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत, भात. हे सगळं पन्नास माणसांना पुरेल असं, कारण किती माणसं येतील हे सकाळी दहापर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. पुण्याहून धाकटा दीर आलाय रात्रीच्या बसनं, बायको-पोरांसकट. निम्मी बस याच कारणानं भरलेली होती म्हणे. नणंद तुळजापूरहून येतेय. तिची जाऊही येतेय. ती का येतेय, ते कुणी विचारत नाही.

(सकाळ. रस्ता. डोक्यावर दुरड्या घेतलेल्या बाया, ट्रॅक्टर, मोटारसायकली, दोन बैलगाड्या.)

नऊ वाजले. गाव रिकामं व्हायला लागलंय. लातूर शहरातही आज दुकानांची शटरं खाली असतात. ज्याला शेत नाही, त्याला कुणीतरी मित्राच्या शेतात बोलावलेलं असतं. एरवी ट्यूशनच्या पोरांनी फुललेले रस्ते मोकळे दिसतात.

आंबिलीचं मडकं मात्र ट्रॅक्टरवर चढत नाही. ते डोक्यावरच जातं. घोंगडीची खोळ, तिच्यावर चुंबळ, चुंबळीवर मडकं. थोरला दीर पुढं चालतोय. मान हलवायची नाही, मागं बघायचं नाही. पोरं मुद्दाम मागून हाका मारतात.

या घराला शेतात जायला दीड किलोमीटर चालावं लागतं. त्यालाही कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. किल्लारीचा भूकंप याच तालुक्यात झाला. त्यानंतर बरीच गावं जुन्या जागेवरून उठली आणि दूर नव्या, आखीव रस्त्यांच्या वसाहतीत बसली. घरं हलली, रानं जागच्या जागी राहिली. म्हणून या बाया डोक्यावर दुरड्या घेऊन जुन्या गावठाणाला वळसा घालून जातात. तिथं आता बाभळी आहेत आणि काही ठिकाणी दगडी भिंतींचे उंचवटे. बोलता बोलता बाया इथं जरा गप्प होतात, मग पुन्हा बोलायला लागतात.

भूकंपानंतरची पहिली येळवस 1994 च्या जानेवारीत आली. तेव्हा लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. “केली होती का त्या साली?” मी आजीला विचारलं.

“केली की. रान कुठं पडलं होतं?”

(शेत. पोटरीला आलेली ज्वारी. मधोमध कोप.)

हा कोप.

कोप म्हणजे कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभी केलेली खोपी. तोंड पूर्वेला. आत माणूस बसेल एवढी जागा. मागच्या बाजूला पाच दगड, चुन्यानं पांढरे केलेले, त्यावर कावेचे पट्टे. हे पांडव. त्यांच्यासमोर आंबील, भज्जी, उंडे, फळं, सगळ्याचा नैवेद्य. वर्षभर हे पाच दगड बांधाला पडून असतात. औत वळवताना बैल त्यांना ठेचकाळतो, पोरं त्यांच्यावर बसून बोरं खातात. आज त्यांना आंघोळ घालून रंगवलंय आणि वर शाल पांघरलीये. बायका त्यांची ओटी भरतात. पांडव पुरुष होते, मग ओटी कशी? हा प्रश्न पुण्याहून आलेल्या पुतणीनं विचारला. काकूनं तिच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, “धर.”

कोपात कडबा कुठला वापरलाय, तेही बघा. रब्बीची ज्वारी अजून रानात हिरवी उभी आहे. ती फाल्गुनात निघेल. म्हणजे कोपातला कडबा गेल्या वर्षीचा. ज्याच्या घरी कडब्याची गंजी शिल्लक आहे, त्याचाच कोप कडब्याचा होतो.

म्हणून मी या दिवशी आणखी एक काम करतो. आसपासच्या शेतांत फिरून कोप बघतो.

(एकामागून एक कोप. निवेदन सावकाश.)

हा कडब्याचा. दाट, सोनेरी. या घरात दोन बैल आणि एक म्हैस आहे.

हा तुराट्यांचा. तूर लवकर काढली, काड्या उभ्या केल्या, वर दोन जुनी लुगडी. बरा दिसतो. वारा आत येतो.

हा साड्यांचा. चार बांबू आणि सहा साड्या. लांबून लग्नाचा मांडव वाटतो.

आणि ही हिरवी शेडनेट. नर्सरीवर टाकतात ती. खाली प्लास्टिकच्या खुर्च्या.

गेल्या काही दशकांत या पट्ट्यात सोयाबीन शिरलं. शंभर-सव्वाशे दिवसांत हातात येतं, लातूरच्या बाजारात उभ्या उभ्या विकतं, नगदी पैसा देतं. शेतकऱ्याला त्यात दोष देण्यासारखं काही नाही. पोराची फी ज्वारीवर भरली जात नाही. सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा. पण सोयाबीनचं उरतं भुसकट, आणि हरभरा असतो गुडघ्याएवढा. दोन्हींपासून कोप होत नाही. ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला, कडबा कमी तशी जनावरं कमी, आणि जनावरं कमी झाल्यावर मग कडबा ठेवायचा कशाला? शेडनेटवाल्या दादांना मी हे बोललो. ते हसले. म्हणाले, “पांडवांना सावली पाहिजे, मालक. कशाची हाय ते त्यांनी अजून विचारलं नाही.”

(शेताच्या कडेनं चालणारे पुरुष. हातात आंबिलीचा तांब्या, ज्वारीचं ताट.)

पूजा झाली. आता चर शिंपायची. एकजण आंबिलीचा तांब्या घेतो, दुसरा ज्वारीच्या पानानं ती पिकावर शिंपत पूर्ण शेताला फेरी मारतो. तोंडानं ओरडायचं: “ओलगे ओलगे, सालम पलगे!” शब्द कानडी वळणाचे, अर्थ कुणी सांगत नाही, आणि दोन गावं सोडली की उच्चारही बदलतो. अर्थाशिवाय एवढ्या मोठ्यानं ओरडण्यात एक वेगळंच सुख आहे. पुण्याचा दीर सगळ्यात मोठ्यानं ओरडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी लाजते, दुसऱ्या फेरीला तीही ओरडते.

मग पंगत. पण आधी रस्त्याकडं बघायचं. कुणी चाललंय का?

“ओ भाऊ, कुठं निघालाव? जेवून जावा की!”

मोटारसायकलवरचा माणूस हात करतो, थांबत नाही. हा त्याचा चौथा नकार असावा. सकाळपासून तीन शेतांत जेवलाय, चेहऱ्यावरून कळतं. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ओळख लागत नाही, आडनाव विचारायची पद्धत नाही. शेत असलेली मुसलमान घरंही येळवस करतात, त्यांच्याही रानात कोप असतो. एरवी कुणी कुणाच्या घरी जेवतं आणि कुणी जेवत नाही, ते गावाला नीट माहीत आहे. आज घरातली चौकट नाही, उंबरा नाही, म्हणून निभतं. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. जसं दिसतं, तसं सांगतोय.

(दुपार. बोरीच्या झाडाला झोका. झोपलेले दाजी. हरभऱ्याचे डहाळे सोलणारी पोरं.)

दुपारचा हा भाग लांबतच जातो. झोके, बोरं, ऊस, पत्ते. हरभऱ्याची आंब बोटांना लागते आणि पोरं बोटं चाटतात. आजी कोपाच्या सावलीत पाय पसरून बसलीये. तिच्याभोवती नातसुना, लेकी, भाच्या. कुणाचं जमलंय, कुणाचं मोडलंय, कुणाची वाटणी झाली. वर्षभराची बातमी या दोन तासांत फिरून येते. दोन्ही सुना सगळ्यात शेवटी जेवल्या. धाकटी जेवता जेवताच पेंगली. तिला कुणी उठवलं नाही.

सगळी वर्षं अशी भरलेली नसतात. 2016 च्या जानेवारीत येळवस आली तेव्हा कितीतरी रानांत रब्बी पेरलीच गेली नव्हती. भज्जीचं माळवं बाजारातून विकत आणलं होतं. आंबील शिंपायला पीक नव्हतं, म्हणून ढेकळांवर शिंपली. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं.

आणि एक गंमत. 2023 या इंग्रजी वर्षात येळवस आलीच नाही. त्या साली अधिक श्रावण आला आणि मार्गशीर्ष अमावास्या सरकत 11 जानेवारी 2024 ला गेली. पुढची त्याच वर्षी, 30 डिसेंबरला. एका कॅलेंडरात दोन येळवशी. आजीला हे सांगितलं. तिला कॅलेंडराची चूक वाटली.

(संध्याकाळ. सूर्य ज्वारीच्या मागं. काडेपेटी.)

दिवस मावळताना हेंडगा. कडब्याची लांब पेंढी बांधायची, एका टोकाला पेटवायची आणि ती घेऊन पिकाच्या कडेनं पळायचं. एक फेरी. शेजारच्या शेतातही पेटला, त्याच्या पलीकडंही. पाच मिनिटांत अख्ख्या शिवारात जाळाच्या रेघा फिरायला लागतात. या शेडनेटवाल्या रानात हेंडग्यापुरता कडबा शेजाऱ्यानं दिला. मागावा लागला नाही.

मग आवराआवर. रिकामी मडकी, उरलेले उंडे, झोपलेली पोरं खांद्यावर. परतीला कुणी फारसं बोलत नाही.

(दुसऱ्या दिवशीची सकाळ. तेच शेत. धुकं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला दीर एकटाच रानात येतो. शाल झटकून घडी घालतो. कोपाच्या पेंढ्या एकेक करून सोडतो, खांद्यावर घेतो आणि गोठ्याकडं जातो. म्हैस पेंढी ओढायला लागते.

पलीकडच्या रानात दादा शेडनेटची गुंडाळी करतायत.

पाच दगड दोन्हीकडं जागेवरच आहेत. चुना अजून पांढरा आहे.