कोटींची बातमी आणि सुप्रमाची फाईल

श्रोतेहो, नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं, पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हजारो कोटींचा आकडा झळकतो. तो एकूण मागणीचा आकडा. त्यात केंद्राकडून येणारी रक्कम असते, आधीच्या तरतुदीतून वळवलेली बचतही असते. तिजोरीवर खरोखर पडणारा निव्वळ भार वेगळा सांगितलेला असतो. तो बातमीत नसेल, तर बातमी अर्धीच समजावी.

"अमुक रस्त्याला पन्नास कोटी मंजूर" असं ऐकलं, की पैसा कुठल्या पायरीवर आहे हे विचारावं. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करायचं ठरलं, एवढंच. त्यानंतर आराखडा आणि अंदाजपत्रकाची तांत्रिक मान्यता, निविदा, मग काम सुरू करण्याचा कार्यारंभ आदेश. निधी वितरणाचा शासन निर्णय वेगळाच निघतो. मान्यता पन्नास कोटींची आणि त्या वर्षीची तरतूद नाममात्र, असं झालं की देयकं थकतात, कंत्राटदार यंत्रं हलवतो आणि रस्ता खोदलेलाच राहतो.

आता वैनगंगेवरचा आपला गोसीखुर्द सिंचन प्रकल्प घ्या. १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटी होता. २०१६ च्या सुधारित मान्यतेत तो १८ हजार कोटींच्या वर गेला. सुधारित प्रशासकीय मान्यतेला कार्यालयात 'सुप्रमा' म्हणतात. खर्च का वाढला याची फोड तिच्यात असते: दरसूचीतली, म्हणजे साहित्य-मजुरीच्या सरकारी दरांतली वाढ, भूसंपादन आणि पुनर्वसन, संकल्पचित्रातले म्हणजे डिझाइनमधले बदल, नव्याने घातलेल्या बाबी, अपुरी तरतूद. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं तर दर वाढणारच, आणि जमिनीचा मोबदला वाढला तर तो शेतकऱ्याचा हक्कच आहे. पण बदललेलं संकल्पचित्र आणि नव्या बाबी कोणी सुचवल्या, कोणी मान्य केल्या, हे सह्यांवरून कळतं. उत्तरदायित्व ठरतं ते तिथे. २०१२ मध्ये सरकारने सिंचनखर्चावर श्वेतपत्रिका काढली, त्या काळात आरोप आणि राजीनामे ठळक छापून आले. प्रत्येक सुप्रमाची अशी फोड सामान्य वाचकापर्यंत फारशी पोचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अर्थसंकल्पात प्रत्येक खर्चाला एक सांकेतिक क्रमांक असतो, ते लेखाशीर्ष. त्याचे पहिले चार आकडेही ओळखीचे करून घ्यावेत. २ किंवा ३ ने सुरुवात असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. २२१० म्हणजे आरोग्यसेवेचा चालू खर्च, ४२१० म्हणजे त्याच खात्याच्या इमारती आणि यंत्रसामग्री. रुग्णालय बांधलं पण डॉक्टर नाहीत, अशी बातमी आली की दोन्ही शीर्षं शेजारी ठेवून पाहावीत.

मार्चअखेरीस आणखी एक गोष्ट घडते. निधी परत जाऊ नये म्हणून तो कोषागारातून काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या सरकारी ठेव खात्यात, ठेवला जातो. हिशेबात खर्च दिसतो, जागेवर काम नसतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालांत यावर, आणि निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला देणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या थकबाकीवर वारंवार ताशेरे असतात. अहवाल पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, म्हणून चर्चा होतच नाही. पुढे तो विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातो. पत्रकारांनी तिथवर पाठपुरावा करायला हवा.

आपल्यालाही माहितीच्या अधिकारात माहिती मागता येते. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. विषय एकच, शब्द दीडशेच्या आत. "घोटाळ्याची माहिती द्या" असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही. कामाचं नाव घालून प्रशासकीय मान्यतेची प्रत, सुप्रमाची कारणनिहाय फोड, झालेल्या कामाची मोजणी नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेची पानं आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. तिथेही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. त्याचं खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे.