चिमणराव ते आबा : दिलीप प्रभावळकरांचा छोटा पडदा

(दृश्य : जुना कृष्णधवल टीव्ही संच. पडद्यावर मुंग्या, मग हळूहळू चित्र.)

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच्या कृष्णधवल पडद्यावर एक भाबडा, धांदरट कारकून आला आणि मराठी घरांत कायमचा मुक्कामाला राहिला. चिमणराव. आणि त्याच्या पाठीशी बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ.

हा चिमणराव साकारणारे दिलीप प्रभावळकर तेव्हा तिशीत होते. जन्म ४ ऑगस्ट १९४४. रत्नाकर मतकरींच्या नाटकांत त्यांची जडणघडण झाली. 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली त्यांची चेटकीण पाहून मुलं घाबरायची आणि हसायचीही. म्हणजे आवाज बदलणं, चाल बदलणं, स्वतःला पुसून टाकणं हे त्यांनी टीव्हीच्या आधीच कमावलेलं होतं.

(दृश्य : स्टुडिओ. दिवे, कॅमेरे, बूम माइक.)

पण रंगमंचावरून स्टुडिओत येणं सोपं नसतं. नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो. इथे माइक डोक्यावर हातभर अंतरावर टांगलेला. तोच आवाज लावला तर ध्वनी फाटतो आणि क्लोजअपमध्ये चेहरा आरडाओरडा करत असल्यासारखा दिसतो. त्या काळी टेपचं संकलनही किचकट. त्यामुळे प्रवेश शक्यतो सलग चित्रित व्हायचा, दोन-तीन कॅमेऱ्यांतली दृश्यं तिथल्या तिथे निवडली जायची. शेवटच्या वाक्याला कुणी अडखळलं, की पुन्हा पहिल्यापासून. नाटकाच्या तालमीची सवय असलेले नट या पद्धतीत तरले, ते याचमुळे.

खरी अडचण मात्र लेखनातच होती. मालिका बेतली होती चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांवर, आणि त्या कथा चिमणराव स्वतः सांगतो. त्याला जे कळत नाही, ते वाचकाला कळतं, आणि हसू फुटतं ते तिथे. पडद्यावर हा निवेदकच नाहीसा होतो. मग नटाने काय करायचं? विनोद होतोय हे आपल्याला ठाऊक आहे, याचा मागमूसही चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही. भुवई किंचित उडाली तरी चिमणराव संपला! शिवाय चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणून दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी त्याआधी चित्रपटातून लोकांच्या मनात बसलेली. प्रभावळकरांनी त्यांची नक्कल केली नाही. त्यांचा चिमणराव गंभीरपणे, मनापासून चुकतो.

मालिका १९७९ पर्यंत चालली. आणि मग लोकप्रिय भूमिकेनंतर येतं तेच आलं : शिक्का. लोक नटाला पात्राच्याच नावाने ओळखू लागतात, आणि तशाच गरीब गायीसारख्या माणसांची कामं पुढ्यात येतात.

प्रभावळकर यातून कसे सुटले, हे पाहण्यासारखं आहे. 'हसवाफसवी' नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. त्यातले थकलेले कृष्णराव हेरंबकर पाहताना डोळे भरून येतात. १९९१ च्या 'चौकट राजा' चित्रपटात गतिमंद नंदू, १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये गुन्हेगार तात्या विंचू. छोट्या पडद्यावर 'साळसूद'मध्ये तर त्यांनी थंड डोक्याचा खलनायक उभा केला. भाबडेपणासाठी घराघरांत ओळखला जाणारा चेहरा खलनायकाला देणं, हे माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी पाऊल.

(दृश्य : टेबलावर उघडी डायरी, शेजारी चष्मा.)

२००१. 'श्रीयुत गंगाधर टिपरे', दिग्दर्शक केदार शिंदे. आधार 'अनुदिनी' या प्रभावळकरांच्याच पुस्तकाचा : एकाच कुटुंबातल्या माणसांच्या रोजनिश्या. राजन भिसे मुलगा, शुभांगी गोखले सून, विकास कदम आणि रेश्मा नाईक नातवंडं. आबा, म्हणजे टिपरे आजोबा, स्वतः प्रभावळकर, वय ५७.

क्लोजअपमध्ये रंगवलेल्या सुरकुत्या लगेच उघड्या पडतात. म्हणून पडद्यावरचं म्हातारपण मेकअपपेक्षा शरीराच्या गतीतून आणावं लागतं : उठण्याआधीचा एक थांबा, ऐकल्यावर उत्तराला लागणारा क्षण. आबा असेच थांबतात. इथेही मूळ लेखन 'मी'चंच आहे, पण पारडं उलटं. चिमणरावाला काही उमगत नाही. आबांना सगळं उमगतं, आणि ते बहुतेक वेळा गप्प राहतात. एकाच नटाने बावीस-चोवीस वर्षांच्या अंतराने ही दोन टोकं गाठली, आणि दुसरं टोक त्याने स्वतःच्या लेखणीतून घडवलं.

ही मालिका २००४ पर्यंत चालली. २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधीजींसाठी आणि 'शेवरी'साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी ते छोट्या पडद्यावर परत आले : २०१७, 'चूकभूल द्यावी घ्यावी', झी मराठी. वय ७२, भूमिका राजाभाऊंची.