तांबीनंतरचे सहा महिने

(भिंतीवरचं कालनिर्णय. जूनचं पान पंख्याच्या वाऱ्यानं हलतंय.)

हे माझ्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, मुलीच्या शाळेतली पालकसभा, आणि या सगळ्यात पेनानं काढलेली एक छोटी फुली. आईच्या घरीही अशीच फुली असायची. लहानपणी मला वाटायचं, त्या दिवशी दूध आलं नसेल. ती पाळीची फुली आहे हे मला पाळी आल्यावरच कळलं.

जूनच्या पानावर फुलीशेजारी एक गोलही आहे. त्या दिवशी मी तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, बसवून घेतली.

त्याआधी सहा वर्षं मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. मग डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा यायला लागल्या. अशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये, पक्षाघाताचा धोका वाढतो. हे ज्यांनी ओळखलं त्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. तांबी मात्र मी दुसरीकडे बसवली. पाच मिनिटांचं काम झालं, हातात कार्ड मिळालं आणि एक वाक्य मिळालं : "थोडे दिवस दुखेल."

किती दिवस, किती आणि का, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

(पालखीची गर्दी. फर्ग्युसन रस्ता. ओले पाय, टाळ.)

पुढची पाळी आली ती पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी. रस्ते बंद, बस संचेतीच्या चौकाअलीकडेच थांबली. मी उतरून चालायला लागले आणि ओटीपोटातून अशी कळ आली की फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवर मी खालीच बसले. कंबर, मांड्या, पार गुडघ्यापर्यंत पाय ओढत होते. कपाळावर गार घाम. शेजारी एक म्हातारी वारकरी बाई पायाला तेल चोळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आपलं बोचकं सरकवून जागा केली आणि हळूच विचारलं, "पाळीचं हाय का, माय?" मी मान हलवली. तिनं बाटलीतलं पाणी दिलं आणि टाळांचा आवाज पुढे सरकेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

त्या दिवशी रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, एवढं सोसावंच लागतं बाईला. मी नाही का सोसलं?" तिच्या आवाजात माया होती, आणि त्या मायेतच ते दुखणं अंगावर काढायची परवानगीही होती. आईला तेव्हा सांगायला जमलं नाही, ते इथे सांगते. एवढं सोसायला लागत नाही, आई. तुलाही लागायला नको होतं.

(कागदावर पेन्सिलीनं काढलेलं गर्भाशयाचं चित्र.)

झालं काय होतं? पाळी येते तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, इतका की त्याचा स्वतःचा रक्तपुरवठाही कमी पडतो. ती कळ. गोळ्या चालू असतात तेव्हा बीज सुटत नाही, अस्तर पातळ राहतं, त्यामुळे ही द्रव्यंही कमी आणि दुखणंही कमी. म्हणजे कॉलेजात असताना मला लोळायला लावणारी पाळी बरी झालेली नव्हती. सहा वर्षं गोळीनं तिच्यावर पांघरूण घातलं होतं. गोळी थांबली, पांघरूण निघालं.

त्यात तांबी आली. तिच्यात संप्रेरक नसतं. ३८० ए नावाची तांबी दहा वर्षं टिकते, आणि भरवशाची इतकी की पहिल्या वर्षात शंभरात एखादीलाच दिवस राहतात. तांब्यामुळे गर्भाशयात शुक्रजंतू टिकत नाहीत, पण आतल्या बाजूला थोडी दाहाची स्थितीही तयार होते. सुरुवातीला रक्तस्राव वाढतो, कळा वाढतात. बहुतेकींचं हे तीन ते सहा महिन्यांत कमी होत जातं. जुनं दुखणं परत आलं आणि नवं त्यात मिसळलं, एवढंच माझं झालं होतं. हे दोन वाक्यांत सांगता येतं. टेबलावर झोपायच्या आधी कुणी सांगितलं असतं, तर फुटपाथवर बसून मला वाटलं नसतं की आत काहीतरी फाटलंय.

(स्वयंपाकघर. गरम पाण्याची पिशवी, ओव्याची बरणी, गोळ्यांची पट्टी.)

आता मी काय करते ते. शेक घेते. पूर्वी आजी वीट तापवून फडक्यात गुंडाळायची, माझ्याकडे रबरी पिशवी आहे. उष्णतेनं आवळलेला स्नायू सैल पडतो, आणि कामावरून आल्यावर वीस मिनिटं आडवं होऊन घेतलेला शेक मला दुखण्याच्या गोळीइतकाच आधार देतो. ओव्याचं पाणीही पिते. त्यानं पोट हलकं वाटतं, कळ जात नाही.

सगळ्यात मोठा फरक पडला तो दुखण्याच्या गोळीच्या वेळेनं. ॲस्पिरिनसारखी औषधं शरीराला प्रोस्टाग्लँडिन तयारच करू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे १९८२ मध्ये नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही त्याच कुळातली. म्हणजे कळा टिपेला पोचल्यावर गोळी घेतली की ती उशिरा पोचते, द्रव्यं आधीच तयार झालेली असतात. पाळीची चाहूल लागताच, काही खाऊन, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात घ्यायची, आणि सांगितलेल्या वेळेनं पहिले एक-दोन दिवस चालू ठेवायची. मी मात्र वर्षानुवर्षं "अजून बघू, सहन होतंय का" असं करत आले होते.

पण ही गोळी म्हणजे पेपरमिंट नाही. जठरात व्रण असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, ॲस्पिरिननं दमा उसळत असेल, तर ती घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय भेषज संहिता आयोगानं नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इशारा दिला होता. क्वचित कुणाला काही आठवड्यांनी ताप, पुरळ, गाठींची सूज अशी गंभीर ॲलर्जी येऊ शकते. मेडिकलवाल्याला नुसतं "पाळीची गोळी द्या" म्हणण्याऐवजी डॉक्टरांना एकदा विचारलेलं बरं.

(जुन्या पुण्याची छायाचित्रं.)

याच पुण्यात शकुंतला परांजपे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून संततिनियमनाचं काम करत होत्या. त्याआधी, १९२१ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. लैंगिक विषयांवर लिहिल्याबद्दल कर्व्यांना कोर्टात उभं राहावं लागलं. आज संततिनियमनाची साधनं फुकट मिळतात. सरकारी दवाखान्यात तांबी, माला-एन ही रोजची गोळी, 'छाया' ही आठवड्याची गोळी, 'अंतरा' इंजेक्शन. साधन घरोघर पोचलं. बसवून झाल्यावर बाईशी बोलायला कुणाला वेळ नाही.

(पुन्हा कालनिर्णय. सप्टेंबरचं पान.)

जुलैपासून मी फुलीखाली आकडा लिहायला लागले. दुखणं दहापैकी किती, पॅड किती. जुलै, नऊ. ऑगस्ट, आठ. सप्टेंबरमध्ये या पानांचे फोटो घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आकडे वाचले. नुसते ऐकले नाहीत, चष्मा लावून वाचले. तांबीचा योनीत हाताला लागणारा दोरा तपासला, सोनोग्राफी केली. तांबी जागेवर होती. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, बारा तरी हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्यांनी सांगितलं, ताप आला, घाण वास येणारं अंगावरून गेलं, दोरा लागेनासा झाला किंवा लांबला, पाळी चुकली आणि पोटात दुखतंय, तासाला एक पॅड भिजतोय, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. सहा महिन्यांनीही दुखणं उतरलं नाही तर तांबी काढू, संप्रेरकाची बसवायची का ते तुमची अर्धशिशी बघून ठरवू, आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, आहे का तेही पाहू. गोळ्यांखाली तोही वर्षानुवर्षं झाकून राहतो. "तांबी तुमच्यासाठी आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही तांबीसाठी नाही." दवाखान्याच्या जिन्यात मला रडू आलं.

ऑक्टोबर, सहा. नोव्हेंबर, पाच. डिसेंबर, चार.

(नवीन वर्षाचं कालनिर्णय, दुसऱ्या घरातलं. बोट एका तारखेवर थांबतं.)

ही भिंत माझी नाही, हडपसरला राहणाऱ्या माझ्या जावेची आहे. ती पुढच्या आठवड्यात तांबी बसवायला जाते आहे. त्या तारखेला तिनं गोल केलाय. चार आठवडे पुढे जाऊन, पाळीची तारीख मोजून, बारीक अक्षरात लिहिलंय : गोळी पर्समध्ये. त्याखाली, ताईंना फोन.