सांधेदुखीवरची विजया आणि आपलं जेवण

मंडळी, भांगेच्या झाडापासून केलेलं तेल सांधेदुखीवर घ्यावं का, हे मला हमखास विचारलं जातं. मी उलट विचारते, ते तुम्ही जेवणाआधी घेता की नंतर? बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि मला त्याची फार काळजी वाटते.

आधी एक घोळ मिटवू. 2021 साली आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया आणि बियांचं तेल खाण्यासाठी मान्य केलं. ते तेल जवसाच्या तेलासारखं पौष्टिक अन्न आहे. वेदना शमवणारी द्रव्यं त्यात नसल्यात जमा. औषध म्हणून मिळतं ते पानांपासून केलेलं, आयुर्वेदात जिला विजया म्हणतात तिचं, आणि ते वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. गांजा आणि चरस यांवर 1985 च्या कायद्याने बंदी आहे.

उपयोग होतो का? 2006 मध्ये ब्रिटनमध्ये आमवाताच्या 58 रुग्णांवर तोंडात फवारायच्या औषधाची चाचणी झाली. त्यात भांगेतली दोन्ही मुख्य द्रव्यं होती: नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी. पाच आठवड्यांत हालचाल करतानाचं दुखणं कमी झालं, झोप सुधारली. पुढे डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांचं दुखणं असलेल्या 136 जणांना बारा आठवडे नुसतं सीबीडी दिलं, तेव्हा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा काहीही फरक पडला नाही. म्हणून चमत्काराची आशा दाखवणाऱ्यांपासून सावध राहा.

आता जेवणाकडे येते. ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. ठंडाईत भांग दुधात आणि बदामात वाटतात, त्यामागे हेच आहे. अपस्मारासाठी मान्यता मिळालेल्या शुद्ध सीबीडीच्या औषधावर हे मोजलेलं आहे: भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर ते उपाशीपोटी घेतल्याच्या सुमारे चौपट रक्तात उतरतं. म्हणजे सोमवारी चहाबरोबर घेतलेले पाच थेंब आणि मंगळवारी तूप-भात खाऊन घेतलेले पाच थेंब सारखे नाहीतच! सोमवारी काही वाटलं नाही म्हणून मंगळवारी सात घेतले, की चक्कर येते. पोटात गेलेल्या टीएचसीचा अंमल चढायला दोन तासही लागतात. तेवढ्यात धीर सुटून पुन्हा डोस घेतला जातो. सत्तरीतल्या माणसाला रात्री बाथरूमकडे जाताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडणं परवडत नाही. म्हणून वैद्यांनी सांगितलेली वेळ धरा, आणि रोज साधारण तसंच जेवण जेवून घ्या.

दुसरी गोष्ट भुकेची. टीएचसीने भूक खवळते. गुडघ्यांची झीज असलेल्याने रात्री फरसाणाचा डबा उघडला, वजन वाढलं, तर औषधाने दिलेलं सगळं गेलं. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो. अमेरिकेत जाड, गुडघेदुखीच्या 454 जणांवर अठरा महिन्यांची मोठी चाचणी झाली. आहार आणि व्यायाम दोन्ही पाळणाऱ्यांचं वजन अकरा टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी राहिलं. हे काम कोणतंही तेल करत नाही. आपल्याकडे त्यासाठी वेगळं काही आणायला नको: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, जवसाची चटणी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली जरूर खावी, पण तळून नको, कालवणात.

आणि यकृत. आमवातासाठी तुम्ही आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध घेत असाल, तर त्याचा भार यकृतावर असतोच. सीबीडीचाही पडू शकतो, दारूचा तर पडतोच. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर सीबीडीने तिचा परिणाम वाढू शकतो. तेव्हा वैद्य आणि डॉक्टर, दोघांनाही सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, यकृताची तपासणी करून घ्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर तेल तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.